सगुण मेस्ताचं नख

सगुण मेस्त कुणाच्याही घरी गेला की पायरी चढायच्या आधी उजव्या अंगठ्याचं नख भिंतीवरून ओढायचा. बसणं नंतर, चहा नंतर, आधी नख. भिंत झाली की खिडकीची चौकट, मग ओसरीवर जे काही नवं दिसेल ते. पितळेची कळशी, लेकीच्या लग्नाचं कपाट, नव्या होडीची कड. डोळे भलतीकडेच असायचे, खाडीकडे नाहीतर कोंबड्यांकडे. नख अडकलं की तिथंच परत एकदा ओढायचा आणि हळू म्हणायचा, "अडकता."

एवढंच. का अडकतं, काय करावं, हे विचारल्याशिवाय सांगायचा नाही. आणि विचारणार कोण? नवी वस्तू आणलेल्या माणसाला ते ऐकायचंच नसतं.

आमच्या देवबागात एकाने पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधल्या. पूजेला सगळा गाव. सगुणने व्हरांड्याच्या खांबावरून नख ओढलं नि म्हणाला, "अडकता." मालक हसला, चार माणसं हसली. पुढच्या पावसात त्या खांबाचा गिलावा फुगून हातभर सुटला. मालक गावभर सांगत सुटला, मेस्ताची नजर लागली. नजर कसली? तो खांबाकडे बघतच नव्हता, मी बाजूला उभा होतो.

तो गेला त्याला आता चार महिने झाले. लोक त्याच्याबद्दल काय काय सांगतात. काही सांगतात तो देवमाणूस होता. देवमाणूस बिलकूल नव्हता. हट्टी होता. माझ्याएवढा नाही, पण होता.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी, मधे वाळूची पट्टी, तिच्यावर आम्ही. सगुणची गणपतीची शाळा खाडीच्या अंगाला. आमच्याकडे गणपती करायच्या जागेला शाळाच म्हणतात. सरकारी शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यानंतर ज्या शाळेत बसलो ती हीच. पण बसायचो बघायला. हात लावू द्यायचा नाही तो.

तरुणपणी सगुण मुंबईत मोटारी रंगवायच्या गॅरेजात होता. बारा वर्षं. बापाचे हात कापू लागले, डोळे काढताना रेघ हलू लागली, तेव्हा बापाने पत्र टाकलं नि हा सगळं सोडून परत आला. मुंबईचं काही सांगायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "थंय गाडयो रंगवलंय, हंय देव रंगवतंय. पत्रो काय नि माती काय, कातडी दोघांक आसता."

श्रावणात आमची हवा ओली चिंब. रंग सुकत नाही, सुकला तर वर पांढरी साय धरतो. सगुण शाळेत घमेल्यातून नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या सालींचे निखारे ठेवायचा, जमिनीवर ओली गोणपाटं टाकायचा म्हणजे धूळ उडू नये, आणि मग बसून राहायचा. एक हात रंगाचा झाला की दुसरा दुसऱ्या दिवशी. लोक घाई करायला यायचे.

"मेस्तानू, चवथ आठ दिवसांवर इली!"

"येवंदे. पळान जाणा नाय ती," हा म्हणायचा.

रंग पातळ. पाण्यासारखा पातळ, पहिल्या हाताला लावला की नाही ते कळू नये असा. माझ्यासारखा माणूस, होडीला एका दमात डबा संपवणारा, मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचो, "अरे, जरा जाड लाव, एका हातात काम होतला."

"जाड लावणारो काय तरी लपयता," तो म्हणायचा.

आणि एक रीत होती त्याची. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे, ते सगळ्यात शेवटी, आणि ज्या घरचा गणपती त्या घरचं माणूस समोर येऊन बसल्याशिवाय नाही. त्यासाठी एक कुंचला वेगळा, खारीच्या शेपटीच्या केसांचा. तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही. घरचं माणूस मुंबईहून यायचं असेल, गाडी लेट असेल, तरी मूर्ती डोळ्यांवाचून थांबायची.

पुण्याचा एक पाहुणा एकदा शाळेत शिरला. आमच्याकडेच उतरला होता, मीच घेऊन गेलो होतो. त्याला एक लहान मूर्ती आवडली.

"काका, एवढं सुंदर काम, डोळे का नाही काढले?"

सगुण पाहुण्यांशी शुद्ध बोलायचा. म्हणाला, "ज्यांचा आहे ते यायचे आहेत."

"मग मला एक करून द्या. आत्ता डोळे काढून. शोकेसमध्ये ठेवीन."

"शोकेसमध्ये डोळ्यांचं काय काम? काचेतून बघून बघून कंटाळेल तो."

पाहुणा ऐकेना. शेवटी सगुणने त्याला मातीचा एक उंदीर दिला, डोळ्यांसकट. पाहुणा खूश. तो गेल्यावर मला म्हणाला, "उंदराक खंय पण चलता."

आता आमच्या भांडणाचं. आमच्याकडे आषाढात प्रत्येक घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती करायची, अशी पद्धत. माझा पाट आजोबांच्या वेळचा, फणसाचा. त्यावर दीड फुटाची मूर्ती बसते. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या होडीला हंगाम बरा गेला होता. माझ्या चुलतभावाने मोठा गणपती सांगितला होता, म्हणून मीही सगुणला म्हणालो, तीन फूट कर.

"देव पाटाएवढो," तो म्हणाला.

"मग मी नवो पाट करतंय."

"आज्याचो पाट टाकतलस?"

"माझो पाट, माझो देव. तू कोण सांगणारो?"

"मी कोण नाय. तीन फुटाचो माझ्याकडे होणा नाय."

मी पाट उचलला नि घरी आणून माळ्यावर टाकला. कट्टा गावच्या बाजारातून तीन फुटांचा गणपती आणला, चकचकीत, डोळे आधीच काढलेले. पाच दिवस बसवला, समुद्रात सोडला. सातव्या दिवशी सकाळी त्याचा एक हात आमच्याच दारासमोर वाळूवर येऊन पडला. पांढरा, रंग गेलेला. विरघळलाच नव्हता. मी तो वाळूत खोल पुरला. शेजारच्या माडाखालून सगुण जात होता, त्याने बघितलं, मला माहीत आहे त्याने बघितलं. थांबला नाही. त्या हाताबद्दल पुढे सहा वर्षांत कधीही बोलला नाही. रस्त्यात भेटलो तर कामापुरतं बोलायचो, पण मी त्याच्या शाळेची पायरी चढलो नाही नि तो माझ्या भिंतीला नख लावायला आला नाही.

चूक कुणाची हे मी तेव्हा ठामपणे सांगत होतो. आता सांगत नाही.

मग माझ्या मुलीने, शुभाने, गाडी घेतली. आमच्या तीन खोल्या पाहुण्यांना देते ती, सगळं तीच बघते. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायला गाडी हवी म्हणाली. मी नको म्हणालो. आमच्या दारात होडी असते, गाडी कशाला, वाळूत रुतेल, खाऱ्या हवेने गंजेल. सगळं सांगितलं. तिने घेतलीच. निळी. आणि उभी कुठे केली, तर माझी वल्ही टेकवायची जागा होती, तिथंच. मी तीन महिने त्या गाडीत बसलो नाही. मालवणला एस.टी.ने गेलो. एकदा थांब्यावर उभा असताना तिने समोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला, मी समुद्राकडे बघत राहिलो. एस.टी. वीस मिनिटांनी आली.

दिवाळीनंतर शुभा मैत्रिणीच्या लग्नाला चार दिवस मुंबईला गेली. त्या मंगळवारी मी मांगराच्या, म्हणजे सामानाच्या खोपटाच्या मागून वल्हं काढलं, खांद्यावर घेतलं, वळलो. वल्ह्याच्या टोकाला तांब्याची पट्टी असते. करकर आवाज आला. गाडीच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा, मधे पत्रा दिसत होता.

मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. एक कोंबडी होती.

आता विचार करा. ज्या बापाने गाडी नको म्हणून घर डोक्यावर घेतलं, तीन महिने गाडीत पाय ठेवला नाही, त्याच्याच हातून ती चार दिवस घरात नसताना ओरखडा. ती काय समजणार? तिने तोंडाने काही म्हटलं नसतं. मनात ठेवलं असतं. शुभा माझ्यावर गेली आहे, तिच्या मनात राहिलेलं बाहेर पडत नाही.

गाडी निळी, माझी होडी निळी. होडीच्या रंगाचा अर्धा डबा शिल्लक होता. कुंचला घेतला नि ओरखड्यावर ओढला. लावताना बरं दिसलं. दुपारी बघतो तर दाराला निळी जळू चिकटल्यासारखी दिसत होती. गाडीचा निळा उन्हात बांगड्याच्या पाठीसारखा चमकतो, होडीचा निळा नुसता निळा. दुरूनही कळत होतं.

बुधवारी सकाळी मी सगुणच्या शाळेची पायरी चढलो. हंगाम नव्हता, तो एकटाच माती चाळत बसला होता.

"बस," तो म्हणाला.

"बसाक नाय इलंय. गाडयेक ओरखडो पडलो."

"कोणाच्या गाडयेक?"

"आमच्या."

"तुझ्या?"

"शुभाच्या."

"कोणी पाडल्यान?"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. नखांत रंग होता.

"होडयेचो रंग लावलंस?"

"निळो तो निळो."

सगुण हसला. आवाज नाही, नुसतं पोट हललं. "बाबी, बरा झाला सहा वर्षां शाळेत येवक नाय तू. गणपतीक डांबर लावलं असतंस." उठला, पिशवी घेतली नि माझ्या पुढे चालू लागला.

गाडीपाशी येऊन त्याने आधी पाणी मागितलं. साबणाच्या पाण्याने सगळं दार धुतलं, मऊ फडक्याने, वरून खाली. मी कोरड्या फडक्याने पुसायला गेलो तर हात धरला. "वाळू आसा तेच्यात. एक ओरखडो आसा, शंभर करतलस." मग टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून माझी जळू काढली. अजून पुरती सुकली नव्हती म्हणून निघाली. खालचा ओरखडा उघडा पडल्यावर त्याने अंगठ्याचं नख ओढलं, डोळे माडाच्या शेंड्याकडे.

"अडकता. पत्र्यापर्यंत गेलोहा. नुसत्या पॉलिशान जाणा नाय."

मग मला म्हणाला, दार उघड, चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो, तो कुडाळला रंगाच्या दुकानात दाखव, तोच निळा करून देतील. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. कागद घेऊन चित्र काढावं तशी उतरवून घेतली. सगुणने कागद बघितला, एका अक्षराला शेपटी दिली नि परत दिला. मी एस.टी.ने गेलो, लहान बाटली घेऊन आलो.

गुरुवारी त्याने ओरखड्याच्या भोवती कागदी पट्ट्या चिकटवल्या, बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून कड घासली, एवढी हळू की मला वाटलं झोपला. पत्रा दिसत होता तिथं प्रायमरचा एक हात. बास. शुक्रवारी रंग. सकाळी दव सुकल्यावर सुरू केलं. तेव्हा वारा मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, कोरडा. अकराच्या सुमाराला तो फिरतो नि समुद्रावरून वाळू घेऊन येतो. जमिनीवर ओली गोणपाटं, गाडी मांगराच्या सावलीत. कुंचला लहान, पण तो खारीचा नव्हे. एक पातळ हात, मग तासभर बसणं. दुसरा हात. तिसऱ्या हाताला ओरखडा रंगाने भरून आला. आता वर क्लिअरचा, म्हणजे चमकीचा हात राहिला होता.

"आता ता लाव, झाला," मी म्हणालो.

सगुण कुंचला धुवायला लागला. "शुभा कधी येता?"

"उद्या सकाळी."

"उद्या लावतंय. मालक समोर होयो."

"मालक हय उबो आसा."

"तू नाय. गाडी तिची."

"सगुण, ह्यो गणपती नाय. गाडी आसा."

"माझी रीत एकच. तू तिका सांगतलस, मगे मी शेवटचो हात लावतंय."

मला राग आला. सहा वर्षांपूर्वीचाच राग, तोच, अगदी तिथूनच सुरू झाला. म्हणालो, मग मीच लावतो.

"लाव. बाटली थंय आसा," तो म्हणाला, आणि बसून राहिला.

मी बाटली उचलली. झाकण काढलं. कुंचला बुडवला. त्या ओल्या निळ्या रेघेकडे बघत उभा राहिलो. सगुण खाडीकडे बघत होता. त्याने मला अडवलं असतं तर मी लावलंच असतं. त्याने अडवलं नाही. मला जाडच लावता येतं, हे मला माहीत होतं. झाकण लावलं नि बाटली जागेवर ठेवली.

शनिवारी साडेनऊला शुभा रिक्षातून उतरली. सगुण गाडीपाशी उलट्या खोक्यावर बसला होता, पट्ट्या चिकटवलेल्या दारासमोर. तिने बॅग खाली ठेवली.

"काय झाला?"

"मालकीणबाय, हय बस," सगुण म्हणाला. "बापूस काय सांगता ता ऐक. मगे मी माझा काम करतंय."

मी म्हणालो, "वल्ह्यान लागला. माझ्या हातान. मुद्दाम नाय."

तीनच वाक्यं. माझ्या आयुष्यात मी एवढं लांब बोललेलो नाही असं मला वाटलं.

शुभा खाली वाकली. दार बघितलं, पट्ट्या बघितल्या. दाराच्या खालच्या रबरावर होडीच्या रंगाचा एक थेंब राहिला होता. तिने त्याला बोट लावलं, मग माझ्या नखांकडे बघितलं.

"होडयेचो रंग लावलास?"

सगुणचं पोट हलत होतं.

"बाबा, मुद्दाम करणारो माणूस ओरखडो पाडता नि निघान जाता. डबो घेवन रंगवक बसणा नाय." तिचा आवाज जरा वेगळा झाला होता. मग नेहमीचा झाला. "तीन महिने गाडयेत बसाक नाय, नि रंगवक बरे बसलास!"

"बोलान झाला?" सगुण म्हणाला. "वारो फिरात."

त्याने क्लिअरचा हात लावला. शुभा खोक्याच्या बाजूला उकिडवी बसली होती, मी उभा. रेघ ओली होऊन चमकली नि बाकीच्या दारात मिसळून गेली.

आठ दिवसांनी तो रबिंग करायला, म्हणजे घासून चमक एकसारखी करायला परत आला. फडकं गोल गोल फिरवून झालं, हात धुतले. जायला निघाला, पायरीपाशी थांबला नि भिंतीवरून नख ओढलं. सहा वर्षांनी.

"अडकता," म्हणाला. मग म्हणाला, "पाट खंय आसा तुझो?"

"माळ्यार."

"वाळवी लागात," नि गेला.

आषाढात मी पाट उतरवला. धुतला, तेल लावलं. शुभा म्हणाली गाडीतून नेऊ. मी बसलो. पाट मांडीवर धरला होता म्हणून, नाहीतर चालत गेलो असतो. सगुणने पाटावरून नख ओढलं नि काहीच म्हणाला नाही. दीड फूट, एवढंच मी म्हणालो, नि तेही त्याने न विचारता.

चवथीच्या आदल्या दिवशी मी आखणीला समोर बसलो. तोपर्यंत त्याचेही हात बापासारखे कापू लागले होते. त्याने खारीचा कुंचला उजव्या हातात धरला, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, श्वास रोखला, नि दोन्ही डोळे काढले. रेघ हलली नाही. मी मूर्ती मांडीवर घेऊन गाडीत पुढे बसलो. पाऊस बारीक पडत होता. शुभाने इंजिन सुरू केलं.

सगुण शाळेच्या दारातून खाली आला, डोक्यावर टॉवेल. मला वाटलं गणपतीला नमस्कार करील. तो गाडीच्या मागच्या दारापाशी गेला. ओल्या पत्र्यावरून अंगठ्याचं नख ओढलं, पार टोकापासून टोकापर्यंत, डोळे खाडीकडे. नख कुठेही थांबलं नाही.

"जावा आता," म्हणाला, आणि दारावर एक थाप मारली.